नटांनी पळवलेला लेखक

एक प्रयोग करून बघा. ऑफिसात, गाडीत, सोसायटीच्या बाकावर, कुठेही एखाद्या नाटकवेड्या माणसासमोर जयवंत दळवींचं नाव काढा. पहिल्या दोन मिनिटांत विक्रम गोखले येतील, मग नाना पाटेकर, मग निळूभाऊ. माणूस जरा वयस्कर असेल तर दिग्दर्शिका विजयाबाई मेहता. आणि दळवी? "हो हो, लिहिलेलं त्यांचंच ना ते!"

१४ ऑगस्ट २०२५ ला दळवींच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्या आठवड्यात माझ्या समोर ज्या पोस्टी आल्या, त्यांतल्या बहुतेकांत फोटो नटांचे होते. 'बॅरिस्टर' गोखल्यांचं, 'पुरुष' नानाचं, 'सूर्यास्त' निळू फुल्यांचं, 'नातीगोती'तला बच्चू अतुल परचुरेचा, 'चक्र' स्मिता पाटीलचा. भाऊबंदकीत वाटण्या होऊन मूळ मालकाच्या नावावर काहीच उरू नये, तसं झालंय या माणसाचं.

नटांवर राग नाही. 'नातीगोती' मी शिवाजी मंदिरात बाल्कनीतून पाहिलंय आणि मध्यंतरात वडा घशाखाली उतरला नव्हता. मतिमंद मुलाच्या आईबापाच्या मनात येणारा, पण तोंडातून कधीच न निघणारा विचार दळवींनी भर रंगमंचावर बोलून दाखवला. आमच्या रांगेतल्या बायका चष्मे पुसत होत्या. तेव्हा नटांचं श्रेय नटांना. पण दळवी म्हणजे फक्त तेवढेच नव्हेत, हे आता कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

हे असं का झालं याचं अर्धं उत्तर दळवींकडेच आहे. त्यांनी स्वतःच आपल्या कादंबऱ्या रंगमंचाच्या स्वाधीन केल्या. 'अंधाराच्या पारंब्या'चं 'बॅरिस्टर' झालं, 'अथांग'चं 'महासागर', आणि 'महानंदा'चं शं. ना. नवऱ्यांच्या हातून 'गुंतता हृदय हे'. नाटक गाजलं की कादंबरी कपाटात जाते, ही आपली जुनी रीत. 'महानंदा'च्या वाट्याला तर सिनेमाही आला. 'मागे उभा मंगेश' ऐकताना डोळे मिटून घेणारे शेकड्याने भेटतील, पण भाविणीच्या, म्हणजे देवाला वाहिलेल्या बाईच्या, पोटी जन्मलेल्या मुलीने प्रेम केलं तर गाव आणि देव मिळून तिचं काय करतात, ते सांगणारी कादंबरी वाचलेला माणूस शोधावा लागतो.

त्यात दळवींचं खरं बलस्थान रंगमंचावर पुरतं येतच नाही, असं माझं मत आहे. वेड हा त्यांचा नेहमीचा विषयच घ्या. रंगमंचावर वेड ही नटाची परीक्षा असते. तो वेडा होतो, आपण टाळ्या वाजवतो, पडदा पडतो. कागदावर टाळी नाही. घरात एकाला वेड लागलं की बाकीच्यांनी जेवायचं कसं, झोपायचं कसं, आल्यागेल्याला काय सांगायचं, हे दळवी बघत बसतात. घाई करत नाहीत. दया तर मुळीच दाखवत नाहीत.

'चक्र' घ्या. १९६३ ची कादंबरी. मुंबईतली झोपडपट्टी. बेनवा नावाचा पोरगा, त्याची आई अम्मा, आणि पोराला हिरो वाटणारा लुका. १९८१ साली रवींद्र धर्मराज यांनी हिंदीत सिनेमा काढला, स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नसीरुद्दीन शाहांचा लुका गाजला. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? उघड्यावर आंघोळ करणाऱ्या स्मिताचं पोस्टर! सिनेमा चांगलाच आहे, पण त्यात नजर अम्मावरून हलत नाही. कादंबरी वाचताना माझा जीव बेनवात अडकतो. हा पोरगा कुणासारखा होणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं, फक्त त्याला कळलेलं नसतं. दळवी त्याच्या बाजूने एक शब्द बोलत नाहीत. भाषण नाही, हळहळ नाही, 'समाज जबाबदार' वगैरे नाही. सायन-कुर्ला पट्ट्यात रुळांलगतच्या झोपड्या गाडीच्या दारातून बघत माझं अर्धं आयुष्य गेलं. तिकडे बघून न बघितल्यासारखं करायची सवय मुंबईकराला लागतेच. ती सवय ही कादंबरी मोडते.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच १९६३ मध्ये दलित लेखक बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, फरक अंगावर येतो. बागूल आतून बोलतात, जळत बोलतात. दळवी बाहेर उभं राहून बघतात. कितीही तीक्ष्ण नजर असली तरी ती पाहुण्याची. झोपडीत जात कशी वागते, यात दळवी फार खोल शिरत नाहीत. ही त्यांची मर्यादाच आहे आणि शताब्दीच्या नावाखाली ती झाकायचं कारण नाही.

पण याच माणसाने वर्षभरात, १९६४ ला, 'सारे प्रवासी घडीचे' दिलं! मुंबईच्या नरकातून थेट वेंगुर्ल्याकडचं गाव. दळवी आरवलीचे, ती माणसं त्यांच्या घरादारातली. आमच्याकडे हे पुस्तक मे महिन्यात गावी जाताना पिशवीत असायचंच, आणि गाडीत मोठ्याने वाचून दाखवणारा एक काका असायचाच. (प्रत्येक मालवणी कुटुंबात असा एक काका असतो. तो वाचण्याआधीच हसतो.) विनोदी पुस्तक म्हणून आपण ते हातात घेतो आणि हसता हसता लक्षात येतं की एकेक माणूस निघून चाललाय. कुणी मुंबईला, कुणी कायमचा.

तिसरा दळवी म्हणजे ठणठणपाळ. 'ललित' मासिकात 'घटका गेली पळे गेली' या सदरातून या टोपणनावाने त्यांनी मराठी साहित्यिकांची वर्षानुवर्षं हजेरी घेतली. संमेलनं, पुरस्कार, प्रस्तावना, एकमेकांच्या पाठी खाजवणं, काही सोडलं नाही. वसंत सरवट्यांनी काढलेला तो हातोडेवाला ठणठणपाळ बघूनच धडकी भरावी. गंमत म्हणजे ज्यांना हातोडा बसायचा तेही पुढच्या अंकाची वाट बघायचे. आज ठणठणपाळ फेसबुकवर असता तर आपल्यातल्या निम्म्या लेखक-कवींनी त्याला ब्लॉक केलं असतं. पहिल्याच आठवड्यात.

आणि हे सगळं कधी? दिवसा 'युसिस' म्हणजे अमेरिकेच्या माहिती खात्याची नोकरी. तिथे अमेरिकन पुस्तकांची मराठी भाषांतरं करवून घेण्याचं काम. त्याआधी वर्तमानपत्रात. कोट घालून साहेबाच्या कचेरीत जाणारा हा गृहस्थ एकीकडे चक्र लिहितो, एकीकडे ठणठणपाळ. समीक्षकांना हा माणूस नीट पकडता आला नाही तो बहुधा यामुळेच. विनोदी म्हणावं तर 'संध्याछाया' नाटकातले नाना-नानी झोपेच्या गोळ्या घेतात. गंभीर म्हणावं तर हसवतो. त्यातून सोपं लिहितो, खपतो. मराठीत जो खपतो त्याच्यावर जाड ग्रंथ लिहायचे नाहीत, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे.

सगळंच उत्तम लिहिलं असं नाही. वासना आणि वेड हे दोन विषय त्यांनी इतके उगाळले की पुढे पुढे पुढचं पान आधीच कळतं. 'पुरुष'बद्दल माझं मत तर अनेकांना आवडणार नाही. बलात्कार करणाऱ्या पुढारी गुलाबरावाला अंबिका शेवटी जी शिक्षा देते, त्यावर थिएटर दणाणून जायचं. मला तो शेवट सोपा वाटतो. दळवींच्या गद्यात असे हिशेब चुकते होत नाहीत. तिथे गुलाबराव दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून सत्काराला जातो. नाटकाला टाळीचा पडदा हवा होता, तो त्यांनी दिला. निर्मात्यालाही घर चालवायचं असतं.

तर ज्यांनी दळवी फक्त पाहिलेत त्यांना सांगते, आधी 'सारे प्रवासी' घ्या, लगेच पाठोपाठ 'चक्र'. मध्ये दुसरं काही वाचू नका. ठणठणपाळ रात्री झोपताना दोन-दोन पानं. 'महानंदा' पावसाळ्यात. नाटकांची पुस्तकं शेवटी, आणि ती वाचताना कृपा करून डोळ्यांसमोर कुठलाही नट आणू नका. जमणार नाही, मला माहितीये. बॅरिस्टर वाचताना मलाही गोखल्यांचाच आवाज येतो.

बाकी, 'चक्र'ची जादा प्रत कुणाकडे पडून असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. ऑफिसातल्या एका मुलीला द्यायचीय, तिने फक्त सिनेमा पाहिलाय. जुनी चालेल, पानं सुटी झालेली असली तरी चालेल. दादर ते मुलुंड कुठेही येऊन घेऊन जाईन.