हस्की, कडबा आणि भरताचे दीडशे रुपये

"पंचवीस हजार! आणि डोळे बघा नाना, निळे आहेत, निळे!" बंटीने हस्की कुत्र्याचा फोटो दाखवत मोबाइल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला.

नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोटो पाहिला. "डोयासना रंग दिसना. आते सांग, महिनाले कितला लागतीन?"

"काय कितला?"

"खर्च भो!"

नानांनी तेहेतीस वर्षं ढोरांच्या दवाखान्यात काढली. धुळे-जळगावच्या किती गावांत अडलेल्या गायी सोडवल्या, मोजदाद नाही. ते बोलले की मी ऐकतो. मी पहिल्यापासून त्यांच्याच बाजूने होतो.

पोळा नुकताच झाला होता. ऑगस्ट २०२५ मधल्या दिल्लीच्या कुत्र्यांच्या निकालावर अमळनेरच्या या कट्ट्यावर पंधरवडाभर भांडण चालू होतं. ११ तारखेला भटकी कुत्री उचलून कोंडायचा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला तेव्हा प्रवीण सर खूश, २२ तारखेला तो बदलून नसबंदी-लस करून सोडायचं ठरलं तेव्हा गोकुळभाऊ टपरीवाले खूश, कारण त्यांच्या टपरीखाली तीन कुत्री झोपतात. त्यात बंटीने हस्की घ्यायचा विषय काढला, आणि दिल्ली मागे पडली.

"खर्च काय, खाईल घरातलं," बंटी म्हणाला.

"घरातलं म्हणजे? शेवभाजीचा रस्सा? त्यात कांदा असतो. कांद्याने कुत्र्याचं रक्त मोडतं, लघवी लाल होते. गोकुळ, कागद दे."

गोकुळभाऊंनी उधारीच्या वहीचं मागचं पान फाडून दिलं. नाना लिहायला लागले. एवढ्या आकाराच्या कुत्र्याला दिवसाला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे महिन्याला दहा किलो. किलोला तीनशे धरले तरी तीन हजार. लस, जंताचं औषध, गोचिडाची गोळी, वर्षाचा खर्च महिन्यावर वाटून आठशे. मग ते थांबले. "तुझ्या घरी एसी आहे?"

"कूलर आहे ना."

"सायबेरियाचं जनावर आहे ते. अंगावर केसांचे दोन थर. घाम फुटतो तो फक्त पंजाला, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. मे महिन्यात आपल्याकडे ४४ अंश. कूलरच्या ओल्या हवेत ते धापा टाकून मरेल, आणि तू व्हिडिओ काढशील."

बंटी गप्प. एसीच्या बिलाचे सातशे, सगळे महिने धरून. शेवटी पाचशे, डब्यात टाकायचे, हात लावायचा नाही. "हे अडीअडचणीचे. पार्व्होची हगवण लागली, पाय मोडला, तेव्हा रात्री अकराला कोणापुढे हात पसरशील?"

पाच हजार झाले. बारा महिने, बारा वर्षं. बंटीने मोबाइलवर गुणाकार केला आणि मोबाइल खिशात ठेवला. सात लाख वीस हजार.

"ते पंचवीस हजार कुत्र्याचे नाहीत भो," नाना म्हणाले, "ते गळ्यातल्या दाव्याचे."

आता प्रवीण सर बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते आधी घसा साफ करतात, मग उभे राहतात, बोलतात ते शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं. "प्रेमाचा हिशोब? नाना, आमच्या लहानपणी दारात चार कुत्री असायची. भाकरीच्या तुकड्यावर जगायची. कोणी वही घेऊन बसलं होतं का? असा हिशोब केला तर गरिबाने जनावर पाळूच नये!"

मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. गोकुळभाऊंनी मान हलवली.

"सर, जगली ती तुम्हाला आठवतात," नाना शांतपणे म्हणाले. "पार्व्होने आठवड्यात अख्खं वेत गेलेलं मी पाहिलंय. दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांनंतर रेबीजची, मग दरसाल. एवढं केलं असतं तर त्यातली बरीच जगली असती. आणि गरिबाचं म्हणता, तर माझा बाप दोन एकरवाला. बैल घ्यायला बाजारात जायच्या आधी तो कडबा मोजायचा, ढेपेचा भाव विचारायचा. पोळ्याला खापरावरची पुरणपोळी सगळेच चारतात. वैशाखात गंजी संपल्यावर कोण बैलासाठी चारा उचलून आणतो, ते बघा."

सर खाली बसले. बसता बसता हातातली कांद्याची भजी टपरीखालच्या काळीपुढे टाकली.

"सर, कांदा!" तिघं एकदम ओरडले. मी भजी उचलली.

मला दोन उन्हाळ्यांपूर्वीचा तो लॅब्राडोर आठवला. धुळे रस्त्याला सापडलेला. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा, कानात द्राक्षाच्या घडासारखे गोचीड, हिरड्या पांढऱ्याफटक. कोणी तरी हौसेने आणला, हौस संपली तसा गाडीतून उतरवला. नऊ दिवस सलाइन लावलं, नाना रोज रात्री यायचे. दहाव्या दिवशी गेला. शेवटपर्यंत प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान उचलायचा. ज्याने त्याला सोडलं त्याने घेण्याआधी हा कागद भरला असता तर, असं मला अजून वाटतं. मी हे बोललो तेव्हा बंटी म्हणाला, "माहीत आहे रे. पाचशे दिले होते मी."

खरं आहे. सगळ्यांत आधी त्यानेच दिले होते.

"मग भरताचे दीडशे का नाही दिले?" सर एकदम जिवंत झाले. "मागच्या हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी झाली, कळण्याच्या चार भाकरी खाल्ल्यास तू!"

"तीन!"

"चार. चौथी माझ्या पानातली उचललीस."

"मग लॅब्राडोरच्या पाचशेतून कापा! तुम्ही तेव्हा किती दिले, सर?"

सरांनी चहा संपवण्यात बराच वेळ घेतला. नाना कागदावर खाली लिहायला लागले: भरीत, बंटी, दीडशे. लॅब्राडोर, सर, शून्य.

"नाना, मनं बी लिखी ल्या," गोकुळभाऊ म्हणाले. "बंटीचे चौदा कट चहा, सरांचे बावीस. टपरीखालच्या तिघांची उधारी नाही."

सरांच्या नाकातून चहा आला. हसता हसता नाना खोकायला लागले, काळी भुंकायला लागली. कागद बंटीने उचलला, चार घड्या घालून पाकिटात ठेवला, आणि दीडशे रुपये न देताच गाडीला किक मारली.