वीट आली की वीट आला?

रविवारी रात्री नऊ वाजता आमच्या घराण्याचा बाजार भरतो. साताऱ्याहून आत्या, स्टुटगार्टहून तिचा मुलगा, पुण्यातून मी आणि माझी कन्या. चौघं आपापल्या पडद्यावर कॅटान हा पटावरचा खेळ खेळतो आणि सौदे ठरवायला फोन चालू ठेवतो. १९९५ साली बाजारात आलेला हा खेळ रचणारे जर्मनीचे क्लाउस टॉयबर मूळचे डेंटल लॅबवाले. ही माहिती मी आत्याला मोठ्या कौतुकानं दिली. तेव्हापासून ती कवळी काढून वाटीत ठेवते आणि मगच खेळायला बसते. "दातांच्याच माणसाचा खेळ ना, त्याला कळेल," म्हणते.

त्याला कळलं असतं. आम्हाला कळत नाही, ही अडचण आहे.

खेळात एक बेट असतं आणि त्यावर पाच प्रकारचा माल निघतो, त्याचे पत्ते मिळतात. रस्ता बांधायला एक वीट, एक लाकूड. वस्तीला वीट, लाकूड, लोकर, गहू, प्रत्येकी एक. वस्तीचं शहर करायचं तर तीन खनिजं आणि दोन गहू. आधी दहा गुण करेल तो जिंकला. सगळा माल एकाकडे सहसा येत नाही, म्हणून अदलाबदल करावी लागते. आणि अदलाबदल करायची तर मालाला नाव लागतं.

सुरुवातीला आम्ही इंग्रजीत व्यवहार करायचो. "वूड देते, वूल दे," कन्या म्हणायची. आत्याच्या तोंडून, तेही कवळीविना, दोन्ही शब्द फुंकर मारल्यासारखे एकच यायचे. म्हणून आद्याक्षरं लिहून पाठवायचं ठरलं. कन्येनं लिहिलं, 'एक डब्ल्यू देते, दोन डब्ल्यू हवेत.' वूड, वूल आणि व्हीट, तिन्ही डब्ल्यू! इंग्रजी डब्यातली अधिकृत नावं मात्र शहाणपणाची आहेत: ब्रिक, लंबर, वूल, ग्रेन, ओअर. पाचांची पाच आद्याक्षरं वेगळी. ती मी लागू केली. "लंबर आहे का?" असं विचारलं की आत्या विचारायची, "कुणाचा लंबर? माझाच ना?" आणि फासे टाकून मोकळी. "दोन ग्रेन, ओअर?" म्हटलं की पलीकडून "और काय?"

मग मराठीवर आलो. आपली भाषा, आपला माल.

पहिल्याच डावात मी आनंदानं ओरडलो, "वीट आली!" आत्या म्हणाली, "इतक्यात वीट आला? मी आत्ता कुठे बसलेय." आतेभाऊ जर्मन डबा वापरून तयार झालेला. तिकडे विटेच्या पत्त्याला 'लेम' म्हणतात, म्हणजे चिकणमाती. तो आपला प्रामाणिकपणे विचारायचा, "माती कोण घेतंय?" मी घेतली. दोन फेऱ्यांनी कळलं, खाल्ली होती. लाकडांवर तर आत्यानं बंदीच आणली. "दिवेलागणीनंतर माझ्या वयाच्या बाईला 'तुझी लाकडं किती राहिली' असं विचारतात का रे?" यावर उत्तर नव्हतं. लोकर की मेंढी, हा वाद तीन रविवार चालला, कारण चित्रात मेंढी असते आणि नियमात लोकर. खनिजाला कन्या 'दगड' म्हणायची, आणि मी पत्ते मोजताना "चार दगड" म्हटलं की खेळणारे चारच आहोत हे सगळ्यांच्या लक्षात यायचं.

माझा पेशा अनुवादाचा. हे मला सहन होणं शक्य नव्हतं. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना सुमारे १४०० संस्कृत प्रतिशब्द मिळाले. मला तर पाचच हवे होते. दोन रात्री बसून कोश सिद्ध केला: इष्टिका, काष्ठ, ऊर्णा, गोधूम, खनिज. आद्याक्षरं सगळी भिन्न, लाकडाचा अपशकुन नाही, विटेचा वीट नाही. तक्ता करून तिघांना पाठवला, खाली 'तात्काळ अंमल' असंही लिहिलं.

आत्या निवृत्त शिक्षिका, विषय इतिहास. फोन आला. "अरे, राज्याभिषेकाला पेशव्याचा मुख्य प्रधान केला होता. मग शनिवारवाड्यात कोण राहायचं? प्रधान?"

मी ऐकलं नाही. त्या रविवारी माझी पाळी आली तेव्हा मी घोषणा केली, "एका ऊर्णेस दोन गोधूम देणे आहे."

"बाबा, ऊर्णा कोण?"

"लोकर."

"मग लोकर म्हण ना."

"तक्ता बघ."

"तक्ता फोनमध्ये आहे आणि फोनवर तू आहेस."

प्रत्येक पाळीला घड्याळ लावलेलं असतं. ते संपलं. माझे नऊ पत्ते तसेच हातात. पुढचे फासे आत्याचे, पडले सात. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा साताच्या, म्हणजे सर्वांत जास्त. पण तो नेमका माझ्या हातात सातापेक्षा जास्त पत्ते असताना पडतो, हे गणितात बसत नाही. निम्मे टाका, असा नियम. नवाचे चार गेले. शिवाय सात पडला की चोर हलवायचा असतो. आत्या त्याला 'जावईबापू' म्हणते, कारण तो येऊन बसला की त्या शेतातलं पीक हाती लागत नाही. जावईबापू माझ्या गव्हावर बसले आणि जाता जाता एक पत्ताही घेऊन गेले.

तेवढ्यात मला पलीकडचं बोलणं ऐकू यायला लागलं. आत्या मुलाला सांगत होती, "दोन पोळ्या घे नि एक घोंगडी दे." त्यानं दिली. कन्या म्हणाली, "आजी, विठोबा आहे का?" "आहे, सरपण देतेस?" दिलं. विठोबा म्हणजे वीट, हे तिला कुणी सांगितलं? स्टुटगार्टमध्ये बसलेल्याला घोंगडी कशी कळली? तक्ता नाही, आद्याक्षरं नाहीत, आणि सौदे मंडईतल्या कोथिंबिरीसारखे फटाफट उरकत होते.

माझी पाळी परत आली तोवर हातात पुन्हा पत्ते जमले होते. मी नऊ गुणांवर होतो. एक शहर झालं की जिंकलो. दोन गहू आणि दोन खनिजं जवळ होती, तिसरं हवं होतं, आणि ते आत्याकडेच होतं. घड्याळाचे वीस सेकंद राहिले. मी कोश मिटला, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "आत्या, दोन घोंगड्या देतो. एक धोंडा दे."

पलीकडे शांतता. मग कवळी वाटीतून काढून तोंडात बसवल्याचा आवाज. आणि अगदी स्पष्ट, वर्गात ऐकू जाईल असा उच्चार:

"धोंडा? थांब हं, तुझ्या तक्त्यात बघून सांगते."