हँडहेल्डवरच्या स्ट्रीट रेसिंगला उगाच नावं ठेवू नका

सध्या एक म्हणणं जिकडेतिकडे शेअर होतंय, की जुने स्ट्रीट रेसिंग गेम खेळायचे तर पीसीवर नाहीतर प्लेस्टेशन 2 (पीएस2) वरच, पीएसपीवरचे (सोनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल) सगळे कापलेले, ओपन वर्ल्ड म्हणजे मोकळं फिरायला शहर नाही, लोडिंग संपत नाही आणि मोबाईलवर एम्युलेटर (पीएसपीची नक्कल करून त्याचे गेम चालवणारं अ‍ॅप) टाकला तर नुसता लॅग, गेम अडखळतच चालतो. न खेळताच लोक हो ला हो करतायत, म्हणून लिहितोय.

ओपन वर्ल्ड नाही, हे नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड 5-1-0 बद्दल खरंय, मान्य. त्यात मेनूतून रेस निवडायची आणि गाडी पळवायची, बस. पण एका गेमवरून सगळ्यांना एकाच माळेत का ओवायचं? मिडनाइट क्लब 3 मध्ये 2005 सालीच सॅन डिएगो, अटलांटा आणि डेट्रॉइट पीएसपीवर मोकळी फिरायला मिळत होती. 2006 च्या नीड फॉर स्पीड कार्बन ओन द सिटीची तर स्टोरीच वेगळी, भाऊ रेसमध्ये मेला त्यामागचं सत्य शोधायचं, आणि शहरभर भटकायचं ते वेगळंच. 2008 चा मिडनाइट क्लब एलए रिमिक्स बघा, लॉस एंजेलिस लहान केलंय खरं, पण सोबत टोकियो दिलंय जे पीएस3 वाल्या गेममध्ये नाहीच! याला कापलेलं कसं म्हणायचं?

लोडिंग पीएसपीच्या यूएमडी डिस्कमुळे रखडायचं, मिडनाइट क्लब 3 ला तर फारच. एम्युलेटरमध्ये डिस्कच फिरत नाही, त्यामुळे तो प्रश्न बराचसा संपतो.

आता लॅग. पीपीएसएसपीपी हा पीएसपीचा एम्युलेटर 2012 पासून आहे, बायोस फाईल (कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर) पण लागत नाही, आणि पीएसपीचा प्रोसेसर जास्तीत जास्त 333 मेगाहर्ट्झचा, म्हणजे आजचा साधा फोनही सहसा तो गेम ओढून नेतो. लॅग होतो कारण लोक रेंडरिंग रिझोल्यूशन (चित्र किती बारीक काढायचं ते) शेवटपर्यंत ताणून ठेवतात. 2 एक्स करा, मूळ 480 बाय 272 चं 960 बाय 544 होतं, आणि फोनच्या स्क्रीनवर ते छान दिसतं. खरी अडचण काचेवरच्या बटणांची आहे, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा, त्यातच नायट्रो आणि वळणावर हँडब्रेक, अंगठे दोनच! ब्लूटूथ कंट्रोलर जोडा, मग कार्बनमध्ये रात्रीच्या रेसला बसा आणि सांगा मला काय कमी वाटलं ते.