वकिलाची बाटली

विषय वकिलानंच काढला. मोबाइलवर तरंगणारा अंतराळवीर पाहिला आणि त्यानं निकाल देऊन टाकला, "वर गुरुत्वाकर्षणच नसतं. संपला विषय!"

"मग त्याचं अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती का फिरतं? सरळ निघून नसतं गेलं?" मास्तर.

"त्याला वेग असतो ना!"

"वेग पुढे नेईल. वळवतं कोण?"

मुद्दा संपला की आवाज चढवायचा, ही वकिलाची जुनी खोड. भाऊला तेवढंच हवं होतं. "त्या रनआउटच्या वेळीही असाच ओरडला होतास. बॅट हवेत होती तुझी!" "रेषेच्या आत होती!" झालं. पुढची पाच मिनिटं त्यातच गेली.

मास्तर मात्र सोडणाऱ्यातला नाही. "स्थानक जेमतेम ४०० किलोमीटरवर. पण अंतर मोजायचं पृथ्वीच्या केंद्रापासून. ६,३७१ ला ६,७७१ नं भाग आणि वर्ग कर."

भाऊनं मोबाइलवर केलं. "०.८८५."

"म्हणजे गुरुत्वाकर्षणानं पडण्याचा वेग इथं सेकंदाला ९.८ मीटरनं वाढतो, तर तिथं ८.७ च्या आसपास. नसतं म्हणे!"

व्यस्त वर्गाचा हा नियम, म्हणजे अंतर दुप्पट तर ओढ चौथाई, आम्ही सगळ्यांनी शाळेत घोकलाय. त्यात हे दोन आकडे घालून बघा, असं कोणी सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो. दोन ओळींचं तर गणित!

"मग पडत का नाही तो अंतराळवीर?" वकील.

"पडतोच आहे. सेकंदाला साधारण ४.३ मीटर. पण तेवढ्यात साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे गेलेला असतो, आणि गोल पृथ्वी तिथं तेवढीच खाली वळलेली असते. स्थानकही त्याच्याबरोबरच पडतंय, मग पायाखाली दाब येणार कुठून?"

"पुरावा?"

मास्तरनं वकिलाचीच पाण्याची बाटली उचलली, तळाजवळ खिळ्यानं भोक पाडलं, टोपण काढलं. धार लागली. मग कट्ट्यावर चढून हात उंच केला आणि बाटली सोडून दिली. हवेत असेपर्यंत धार बंद! पाणी आणि बाटली बरोबरच पडत होती, पाण्याला बाहेर ढकलणारा दाबच उरला नव्हता. खाली आपटली आणि सगळं पाणी वकिलाच्या बुटांवर.

"माझी बाटली फोडलीत! भरपाई हवी!"

"आम्ही नुसती सोडली," भाऊ म्हणाला, "ओढली पृथ्वीनं. तिच्यावर दावा लाव."

मास्तरसुद्धा पोट धरून खाली बसला.