दोनच करेक्शन

घरून डिझाइनची कामं करायला लागून आठ वर्षं झाली, आणि यंदा पहिल्यांदाच मी कोटेशनखाली अटी टाकल्या. पन्नास टक्के आगाऊ. फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सात. आणि ठळक अक्षरांत : करेक्शन दोनच वेळा, पुढच्या प्रत्येक वेळेला ३०० रुपये.

अटींची बोहनी केली आत्याच्या सोसायटीतल्या काकांनी. मुलीची लग्नपत्रिका करायची होती. काका मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा लावून कोटेशन वाचलं, खिशातून लाल पेन काढलं, ‘सुचना’ची ‘सूचना’ केली, ‘पुर्ण’चं ‘पूर्ण’ केलं, ‘आगाउ’ला दीर्घ दिला आणि कागद परत देत म्हणाले, “ही तीन करेक्शनं झाली बघ. मी पैसे मागितले का?”

तिथेच मी हरलो होतो. पुढचा महिनाभर फक्त तपशील ठरत होता.

छापखान्यात करेक्शन म्हणजे मजकुरातली चूक. गिऱ्हाइकाच्या डिक्शनरीत मात्र करेक्शन म्हणजे रात्री झोप लागेपर्यंत मनात येईल ते. गणपतीचंच घ्या. मी छान गणपती काढून दिला. रात्री पावणेअकराला काकांचा व्हॉइस मेसेज : “अरे, हा उजव्या सोंडेचा! कडक असतो. सोवळं कोण पाळणार, तू?” दहा ते सातची अट आठवत आठवत मी लॅपटॉप उघडला आणि गणपती आडवा उलटा केला. एक क्लिक. सोंड डावीकडे आली. पाच मिनिटांत उत्तर : “आता आशीर्वाद डाव्या हाताने देतोय.” बरोबरच होतं. गणपती पुन्हा काढला. हे एकच करेक्शन धरायचं की दोन, हे विचारायची हिंमत झाली नाही.

मग रंग. नवरीला राणी कलर हवा होता, तोही तिच्या मोबाइलवर दिसतो तसाच. मी समजावलं, की स्क्रीनचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. नेहमीच्या चार शायांतून इतका झगझगीत राणी निघत नाही. स्पेशल शाई लावली तर प्रेसवाला त्या रंगाच्या वेगळ्या प्लेटचे पैसे घेतो. “मग ब्राइटनेस वाढव ना दादा,” ती म्हणाली. नारायण पेठेतला आमचा प्रेसवाला हे ऐकून इतका हसला की त्याच्या हातातला चहा प्रूफवर सांडला. ते डाग पाहून काकू म्हणाल्या, “हा शेड छान आहे.”

पण खरी गोची निमंत्रकांची. माझी अट एका गिऱ्हाइकासाठी होती आणि गिऱ्हाइकामागे सत्तेचाळीस जणांचा फॅमिली ग्रुप होता. प्रूफ तिथे पडलं की पत्रिकेवर आधी लक्ष जायचं ते आपापल्या नावावर. थोरल्या काकांच्या आधी धाकट्यांचं नाव कसं? नागपूरच्या मामांना ‘श्री.’ आणि साताऱ्याच्या मामांना ‘श्रीमान’ का? एका आत्याबाईंचं नाव राहिलं म्हणून त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. नाव घातल्यावर बोलल्या, ते माझ्याशी. माझा नंबर त्यांना कोणी दिला देव जाणे. फाइलचं नाव ‘फायनल’वरून ‘फायनल-खरंच’ आणि तिथून ‘फायनल-आत्याबाई’वर गेलं.

प्रिंटला देण्याआधी मी लेखी मंजुरी मागितली. काकांनी हात जोडलेला इमोजी पाठवला. आता याचा अर्थ ‘मंजूर’, ‘धन्यवाद’ की ‘बाबा रे, पुरे कर’? धाडस करून ५०० प्रती छापल्या. देवाच्या कृपेने चूक एकही नव्हती. मराठीचे सर घरात असल्यावर असणार कशी!

हिशेब केला तेव्हा करेक्शनं एकोणीस भरली. वरच्या सतरांचे ५१०० रुपये होत होते, पण बिलात मी ते लिहिले नाहीत. काकूंनी उरलेले पैसे पाकिटात घालून दिले, वर एक रुपया, आणि डबाभर अनारसे. अनारसे खाताना माणूस वसुलीचं बोलू शकत नाही.

लग्नात जेवणाच्या पंगतीत काकांनी मला हाताला धरून साताऱ्याच्या मामांसमोर उभं केलं. “हा आपला आर्टिस्ट. फार गुणी मुलगा. कितीही वेळा बदल सांगा, चिडत नाही.”

मामांनी जिलबीचे हात पुसले आणि खिशातून मोबाइल काढला.