नॉर्विच ट्रिपच्या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला. लंडनहून दोन तास ट्रेनमध्ये बसून नॉर्विच शहरात यायचं आणि मार्केटला जेमतेम वीस मिनिटं मिळायची, वाईट वाटणारच, त्याबद्दल खरंच सॉरी.

पण 'गाइडने भिंतीसमोर लेक्चर देत वेळ घालवला, पैसे वाया' हे मनाला फार लागलं. मार्केट एक वाजता ठरलं होतं, जेवणाच्या वेळी, कारण चारनंतर स्टॉलवाले आवरायला लागतात. कॅथेड्रल बघून बाहेर आलो तेव्हा तुम्हीच म्हणालात की घरून पुऱ्या-भाजी आणलीय, इथंच हिरवळीवर बसू. मी तेव्हाच सांगितलं की मग मार्केट शेवटी जाईल, तुम्ही चालेल म्हणालात. अर्धा तास म्हणता म्हणता दीड तास झाला, पोरं खेळत होती, तुमच्या आईंचा डोळा लागला होता, त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं. आणि आपली परतीची तिकिटं ठरलेल्या गाडीचीच होती हो, ती चुकली तर सगळ्या ग्रुपला भुर्दंड.

आता भिंतीचं. गिल्डहॉलच्या, म्हणजे शहराच्या जुन्या कारभाराच्या इमारतीच्या, त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या भिंतीवर आईंनीच हात फिरवला आणि विचारलं, "ही गारगोटी हातानं फोडलीय का गं?" मग मी सांगायचं नाही का? त्या भागात बांधकामाला चांगला दगड मिळत नाही, म्हणून गारगोटी फोडून तिची काळी गुळगुळीत बाजू दर्शनी ठेवतात, १४०७ साली सुरू झालेली इमारत आहे ती, आणि कॅथेड्रलला मात्र १०९६ पासून थेट फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून बोटीनं दगड आणला. दहा मिनिटं झाली असतील. शेजारी मार्केटची रंगीत पट्ट्यांची छपरं दिसत होती, तुमची घाई मला कळत होती, पण आई मन लावून ऐकत होत्या. आणि नऊशे वर्षं भरणारं मार्केट मला दाखवायचं नव्हतं असं कसं वाटलं तुम्हाला?

पुढच्या ट्रिपला मार्केट सकाळीच घेता येतं का बघते, डब्याचंही आधी विचारून घेईन. मी हे एकटीच चालवते, नवीन लोक रिव्ह्यू वाचूनच फोन करतात. स्टार दोनच ठेवा हवं तर, पण डब्याचं तेवढं त्यात लिहा.

आईंना नमस्कार सांगा. स्टॉल बंद होता होता पळत जाऊन आणलेले पुदिन्याच्या सॉसचे मशी पीज, म्हणजे मऊ शिजवलेले वाटाणे, त्यांनी सगळे संपवले होते.