वीस डॉलरची कुरकुर

डोकं फिरलंय, म्हणून झोपायच्या आधी लिहून टाकते. आज इथे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडहून आम्ही तीन कुटुंबं निघालो. सकाळी मटामाटाला हॉबिटन (तो 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमांचा सेट), दुपारी हॅमिल्टन गार्डन्स आणि रात्री घरी. आई साताऱ्याहून आलीय, तिच्यासाठीच हा सगळा घाट.

हॉबिटनला माणशी शंभरावर डॉलर सगळ्यांनी हसत दिले. हॅमिल्टनला बागेच्या दारात वीस डॉलर म्हटल्यावर आमच्यातल्या एका गृहस्थांचा चेहरा पडला. "वहिनी, झाडं बघायला वीस डॉलर? बाहेर हिरवळ फुकट आहे की, तिथेच डबे सोडू." आणि वर हळूच, "पत्ता हॅमिल्टनचा सांगितला तर? गाववाल्यांना फुकट आहे म्हणे." पोरांसमोर! बरं, सोळा वर्षांखालच्या पोरांना तिकीटच नाही. म्हणजे रडायचं ते फक्त स्वतःच्या तिकिटासाठी.

हॉबिटनला मी नावं ठेवत नाही. एका कुटुंबाची साडेबाराशे एकरांची मेंढ्यांची शेती, १९९८ साली सिनेमाचा दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या माणसांना हवाई पाहणीत दिसली. पहिला सेट तात्पुरता होता, थर्माकोल-प्लायवूडचा. २०११ मध्ये 'हॉबिट' सिनेमांसाठी पक्का बांधला, म्हणून आज बघायला मिळतो. हॉबिट म्हणजे सिनेमातली बुटकी माणसं, त्यांच्या घरांची रंगीत दारं सुंदरच आहेत, पण बहुतेकांच्या मागे काही नाही. टेकडीवरचा ओक पोलाद आणि सिलिकॉनचा. त्याला तैवानहून आणलेली दोन लाख पानं हातानं बांधलीत. त्या ओकपुढे आमच्या याच गृहस्थांनी सगळ्या कोनांतून फोटो काढून घेतले, ग्रुप पुढे गेला तरी. प्लास्टिकच्या पानांचं कौतुक, आणि खऱ्या पानांना पैसे नाहीत.

तिथले भाजीचे वाफे मात्र खरे आहेत, हे कबूल. आई तेवढीच रमली. बाकी सगळं तिनं "छान केलंय हं" म्हणत उरकलं.

आणि बागेत शिरल्यावर हीच बाई पंचविशीची झाली! 'ते पारापारा' म्हणून इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या पद्धतीची बाग आहे, नुसती शोभेची नव्हे, पीक घेतात. ओळीनं मातीचे उंचवटे, त्यांवर कुमारा, म्हणजे आपली रताळी. आईचं माहेर शेतकऱ्याचं, रताळ्याचे वेल लावण्यात तिचं लहानपण गेलेलं. ती वाकून बघते आणि मला म्हणते, "अगं, ह्यांनी वेल उलटवलेला दिसत नाही. गाठीगाठीला मुळं धरतील की." तिथे एक माळीणबाई काम करत होती. आईनं तिला हातवाऱ्यांनी वेल उचलून पलटायची खूण केली. तिनं हातमोजे काढले, आणि दोघी बसल्याच मातीपाशी! एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी. मी भाषांतर करायला गेले तर आईनं मलाच गप्प केलं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आमचे गृहस्थ बाहेर हिरवळीवर समोसे खात होते.

तुम्हाला ठाऊक आहे का, ही बाग जिथे उभी आहे तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकायचे? त्या कचऱ्यावर चौपन्न हेक्टर बाग उठवली. वायकाटो नदीच्या काठावर मुघलांची चारबाग आहे, चार चौकोनांत फुलांचा गालिचा. जपानी, चिनी, इटालियन, इजिप्शियन, सगळ्या आहेत. २०१४ साली जगातली त्या वर्षीची सर्वोत्तम बाग म्हणून पुरस्कार मिळाला. इतकी वर्षं आपण फुकट फिरलो, २०२४ मध्ये बाहेरगावच्यांना तिकीट लागलं तर लगेच लूट झाली? तोवर खर्च हॅमिल्टनकर भरत होते, त्यांचं काय? खुरपणी कोण करतं, पाणी कोण घालतं? ओकाची पानं एकदा बांधली की झालं, वेलाला रोज कुणीतरी लागतं.

ठीक आहे, पेट्रोल आणि हॉबिटननंतर आणखी वीस-वीस डॉलर घराघराला जाणवतात. मलाही जाणवले. पण मग हॉबिटनच्या दुकानात तो महागडा मग घेताना नाही जाणवले?

ही खोड जुनी आहे आपली. २०१७ साली राणीच्या बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं तेव्हा मुंबईत केवढी बोंब होती, आठवतंय? पन्नास रुपये! मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला त्याच्या कितीतरी पट देणारी मंडळी तावातावानं बोलत होती.

जाऊ दे, लिहिता लिहिता राग उतरतोय. आईचा चेहरा आठवतोय ना. गाडीत परत येताना ती हॉबिटनबद्दल एक शब्द बोलली नाही. हातवाऱ्यांवर झालेल्या त्या गप्पाच सांगत होती, "तिच्या नखात माती होती बघ, म्हणून मला बोलता आलं." नवऱ्याच्या मित्रांवर रागवायचं नाही, असंही तिनंच बजावलंय. म्हणून नाव लिहीत नाही. पण ज्यांचं आहे त्यांना कळेलच, आणि इथे कमेंटमध्ये स्मायली टाकून सुटका होणार नाही.

इथे कुमारा मार्च-एप्रिलात काढतात. त्या सुमारास मी आईला घेऊन परत जाणार आहे, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. यायचं असेल त्यांनी मेसेज करा. तिकिटाचे वीस डॉलर आपापले, आणि समोसे आत न्यायचे की बाहेर खायचे यावर चर्चा नको.